सिंगापुरातला गरुड

काचबिंदूने उरलीसुरली नजर न्यायच्या आत बाबांना एकदा परदेश दाखवायचा, असं मी ठरवलं होतं. मुलुंडच्या एका औषध कारखान्यात पॅकिंगला त्यांचा जन्म गेला. विमानात ते कधी बसले नव्हते. गेल्या वर्षी रजा काढली आणि आम्ही दोघंच चार दिवस सिंगापूरला गेलो.

पहिले दोन दिवस मी त्यांना उंच इमारती आणि मॉल दाखवले. "छान आहे," म्हणायचे, पण भलतीकडेच बघत. दुसऱ्या संध्याकाळी मी विचारलं, "बाबा, कंटाळलात ना?"

"नाही गं. पण इथला कोकीळ आपल्यासारखाच ओरडतो. सकाळी खिडकीतून ऐकला. उद्या जरा झाडं असतील तिथे ने."

पक्ष्यांचं वेड त्यांना कुडाळजवळच्या गावापासूनचं. मुलुंडलाही रविवारी पहाटे डोंगराच्या पायथ्याशी जायचे, मला खांद्यावर घेऊन. पुढे मी मोठी झाले आणि झोपून राहू लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलजवळच्या बागेत गेलो. तिथे पाच-सहा जण तिपाईवर कॅमेरे लावून एका वडाकडे डोळे लावून बसले होते. मी विचारल्यावर त्यांच्यातल्या टोपीवाल्या आजोबांनी सांगितलं, धनेशाची जोडी इथे फळं खायला येते, दोन तास झाले, अजून पत्ता नाही.

बाबा बाकावर मान खाली घालून बसले होते. एकदम म्हणाले, "चेडवा, गरुड इलो. पाठीमागच्या झाडार." गावची गोष्ट निघाली की ते मालवणीवर येतात.

"हळू बोला बाबा," मी म्हटलं. सगळे वळून बघत होते. मला लाज वाटली. काहीतरी सांगायचं म्हणून मी इंग्रजीत सांगितलं, माझे वडील म्हणतात मागे गरुड आहे. ते सगळे मान हलवून हसले. इथे गरुड सहसा येत नाही, असं कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं.

"आयकलंस? हसल्यासारखो ओरडता," बाबा म्हणाले. "जोडी आसा."

मागच्या ताडावरून दोन मोठे काळे-पांढरे पक्षी उठले. चोचीवर पिवळं शिंग. पंखांचा आवाज करत आमच्या डोक्यावरून गेले आणि वडावर बसले. धनेश. तेव्हा मला आठवलं, बाबांच्या गावात धनेशालाच गरुड म्हणतात. लहानपणी त्यांनीच सांगितलं होतं, आणि मी ते साफ विसरले होते.

कॅमेऱ्यांची धांदल उडाली. ती ओसरल्यावर मी आजोबांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी आपली दुर्बीण काढून बाबांपुढे धरली.

"त्यांना सांग, मला दिसत नाही," बाबा शुद्ध मराठीत म्हणाले. "मी ऐकतो."

मी सांगितलं. आजोबा दुर्बीण गळ्यात अडकवून बाबांशेजारी बाकावर बसले आणि त्यांनीही डोळे मिटले. पुढचा तासभर बाबा बोट दाखवत होते आणि मी सांगत होते. झुडपात शिंपी, तळ्याकाठी पाणकोंबडी, तारेवर खंड्या. जिथे मला इंग्रजी नाव येत नव्हतं तिथे आजोबा सांगायचे. एकदा बाबा अडले. हा आवाज आपल्याकडचा नाही, म्हणाले. आजोबांनी नाव सांगितलं, ते बाबांनी तीनदा म्हणून घेतलं. बाकीचे एकेक करून मागे येऊन उभे राहिले होते.

ज्या माणसाला मी तासाभरापूर्वी गप्प बसवत होते, त्याची मी मुलगी आहे, हे मला तिथल्या प्रत्येकाला सांगावंसं वाटत होतं. सांगितलंही, दोनदा.

चौथ्या दिवसाची खरेदी रद्द केली. पुन्हा बागेतच गेलो.

ऑफिसात आठवडाभर मी बागेत काढलेला व्हिडिओ दाखवत होते. "अगं, पक्षी कुठे आहेत यात?" मैत्रिणीने विचारलं. पक्षी नव्हतेच. सबंध वेळ मी मोबाइल बाबांच्या चेहऱ्यावर धरला होता.