शिरडचं पाच वाजताचं हवामान

फोन बरोबर पाच वाजता वाजला. राठोड सरांचं नाव दिसलं म्हणून मी 'हॅलो' न म्हणताच सांगून टाकलं, "कोरडं आहे सर. वारा नाही, लिंबाचं पानसुद्धा हलत नाही." पलीकडून सरांच्या पत्नी, कमलवहिनी म्हणाल्या, "बाबू, सर गेले… दुपारीच." खरं तर त्या दिवशी हवामान सांगायची काही गरज नव्हती. सरांचे सामने संपून चार दिवस झाले होते, निदान माझी तरी तशी समजूत होती. पण अकरा वर्षांची सवय जिभेला लागलेली, ती कुठं ऐकते! फोन खिशात टाकून मी अंगणातल्या बाजेवर बसलो, आणि पहिला विचार मनात आला तो असा, की आता रोज पाचला मैदानावर जाऊन झाडाकडं बघत उभं राहायला नको. माणूस गेल्यावर असलं मनात यावं याची लाज वाटते. पण आलं होतं. मी फार थकलो होतो.

हिरामण राठोड वसमतला आमच्या शाळेत क्रीडाशिक्षक होते आणि मी तिथंच लिपिक, म्हणून सगळ्यांचा 'बाबू'. ते बाळापूरजवळच्या तांड्यावरचे. मी शिरड शहापूरचा. वडील गावच्या देवळात पूजा करायचे आणि मी एसटीनं रोज वसमतला ये-जा करायचो. जन्मात कधी चेंडू हातात धरला नाही. एका वर्षी शाळेला बेसबॉलचं साहित्य मिळालं, सर कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि त्या खेळानं त्यांना झपाटलं. डबे खायच्या वेळेला खडू आणि डस्टर मांडून ते मला समजावत. गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. एवढंच समजलं, की एक जण फेकतो, दुसरा मारतो आणि चार कोपरे पळून येतो, आणि चेंडू कुंपणापार गेला तर तो होमरन. सरांना भुरळ पडली होती ती वेगळ्याच दोन गोष्टींची. एक म्हणजे अमेरिकेतले व्यावसायिक संघ एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ रोज खेळतात. आणि दुसरं, तिथल्या प्रत्येक मैदानाचं माप निराळं. कुठं कुंपण जवळ, कुठं लांब, कुठं वाराच असा की मारलेला चेंडू परत आणतो. "मैदानबी खेळतंय बाबू त्या खेळात," ते म्हणायचे. दोन वर्षं पोरं खेळली. मग मैदानावर नव्या वर्गखोल्या उठल्या, साहित्य कोठीत गेलं आणि कोठीची किल्ली माझ्याकडं आली. सर कोणाला काही बोलले नाहीत. त्या उन्हाळ्यात त्यांनी एक लांबडं रजिस्टर आणलं आणि पट्टी घेऊन रेघा मारायला बसले.

ते रजिस्टर म्हणजे त्यांचा सगळा हंगाम. वसमत, हिंगोली, कळमनुरी, बाळापूर, औंढा आणि शिरड असे सहा संघ, आणि लुडोच्या डब्यातले दोन फासे. फाशांवर काय पडलं की काय होतं, याचे तक्ते सरांनी स्वतः बसवलेले, आणि प्रत्येक मैदानाचा तक्ता वेगळा. औंढ्याची जमीन टणक, म्हणून चेंडू भरभर पळणार. बाळापूरला बाजाराच्या दिवशी सामना नाही, कारण पालं लागलेली असतात. हिंगोलीचे घरचे सामने घटस्थापनेच्या आधी उरकायचे, पुढं मैदानावर दसऱ्याचं प्रदर्शन लागतं. आमच्या शिरडच्या शाळेमागं मारणारा मावळतीच्या टोकाला उभा राहणार आणि समोर उगवतीला लिंबाची रांग. लिंबापार गेला की होमरन. चैत्रात शेजारच्या शेतात हळद शिजायला लागली, की धूर फेकणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार, म्हणून फेकणाऱ्याचा एक वजा! वसमतचं मैदान मात्र त्यांनी जुनंच धरलं होतं. कागदावर तिथं एकही वर्गखोली नव्हती.

ही मापं घ्यायला टेपचं दुसरं टोक धरून कोण फिरलं असेल, हे सांगायला नको. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला मी जन्मलोच आहे. बाळापूरला आम्ही रस्त्याच्या कडेनं टेप ओढत चाललो होतो, सर आकडे लिहीत होते, तेवढ्यात एक हॉटेलवाला हातातलं फडकं तसंच घेऊन धावत आला. "साहेब, रोड रुंद करून राहिले का? आमचं हाटेल जातंय का त्यात?" त्याच्या मागं आणखी चार-पाच जण जमले. सरांनी शांतपणे त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "न्हाई दादा. होमरन कुठं पडतो, तेवढं बघून राहिलो." तो माणूस आमच्याकडं पाहतच राहिला, मग हसला आणि आम्हाला चहा पाजला. पुढं अकरा वर्षं बाळापूरचं हवामान तोच सांगायचा.

कारण हवामान खरंच लागायचं. ज्या गावात सामना, तिथं संध्याकाळी पाचला जे असेल ते तक्त्याला जोडायचं. ऊन असलं की चेंडू लांब जातो, दमट असलं की जड होतो, आणि पाऊस असला की सामना पुढं ढकलायचा. म्हणजे सर वसमतला कोरड्या खोलीत फासे घेऊन बसलेले, आणि वीसेक किलोमीटरवर शिरडला पावसाची सर पडली म्हणून खेळ बंद! बरं, हंगाम कधी? पाडवा ते दसरा. ऐन पावसाळा त्यात. मी दर आषाढात डोकं लावायचो, "सर, काहून हा हट्ट? थंडीत घ्या की सामने, एक दिवस वाया जायचा नाही." तर म्हणायचे, "सीझन म्हंजी सीझन, बाबू. तिकडं याच दिवसांत खेळून राहिले लोक." तिकडं या दिवसांत पावसाळा नसतो, हे मी सांगून दमलो. श्रावणात ढकललेले सामने भादव्यात साठायचे, भादव्यातले आश्विनात, आणि मी रोज पाचला छत्री घेऊन लिंबाखाली. मी निवृत्त झालो, एसटीची ये-जा सुटली, पण हे सुटलं नाही. चिडचिड व्हायची आणि तरी जायचो. सुतकातही गेलो आहे.

या सगळ्यात सरांचा संघ वसमत. आणि अकरा वर्षांत वसमत एकदाही पहिलं आलं नाही. बाकी पाचही गावं कधी ना कधी जिंकली, शिरड तर तीनदा. वसमत आपलं तळाशी, फार तर शेवटून दुसरं. फासे स्वतःच्या हातात, बघायला कोणी नाही, आणि हा माणूस स्वतःला हरवत बसलेला! एकदा माझ्यासमोर निर्णायक क्षणी फासा टेबलाच्या कडेला टेकून तिरपा थांबला. मी म्हणालो, पुन्हा टाका. सर मला कधी रागाचं बोलले ते तेवढंच एकदा. "पडला त्यो पडला. मग काहून मोजलं मैदान आपण? काहून इचारतो रोज वारा?"

तीन वर्षांपूर्वी सरांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. आठवड्यातून दोनदा नांदेडला डायलिसिस. मुलगी लांब दिलेली, वहिनींचे गुडघे दुखणारे, म्हणून गुरुवारी सोबत मी. एक हात यंत्राला बांधलेला, दुसऱ्यात पेन, मांडीवर रजिस्टर, आणि फासे टाकायचे मी. नर्सबाई आधी विचारायच्या, मग विचारेनाशा झाल्या. परतताना बसमध्ये सर खिडकीला डोकं टेकून झोपत आणि मी त्यांची पिशवी मांडीवर घेऊन रस्ता बघत बसे. कंटाळा हा शब्द वापरू नये, पण दुसरा मला सापडत नाही. आजाऱ्याला कंटाळत नाही माणूस, त्या रस्त्याला कंटाळतो, त्याच त्या गुळगुळीत झालेल्या बाकाला, "कसं काय आता?" विचारणाऱ्या लोकांना.

आणि या वर्षी वसमत जिंकायला लागलं. का, ते फाशांना ठाऊक. दसऱ्याला वसमत आणि शिरड बरोबरीत होते आणि एकच सामना उरला होता, शिरडच्या मैदानावरचा, दोनदा पावसानं ढकललेला. दसरा गेला. सर तोवर खूप उतरले होते, डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं होतं. आणि आमच्याकडं परतीचा पाऊस, रोज दुपारी भरून येणार आणि पाचला बरसणार. पाच दिवस मी "पाऊस" सांगितला. पाचही दिवस सर म्हणाले, "बरं… उद्या बघू." सहाव्या दिवशी पत्र्यावर पाऊस नुसता कोसळत होता. मी आतल्या खोलीत गेलो, दार लावलं, फोन तोंडाशी धरला आणि म्हणालो, "कोरडं आहे सर. वारा नाही." त्यांनी विचारलं, "बराबर?" "बराबर," मी म्हणालो. हे मी त्यांच्यासाठी केलं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. हंगाम संपल्याचं त्यांना बघता यावं, वसमत एकदा जिंकावं. पण मला स्वतःलाही तो सामना संपायला हवा होता, तेही तितकंच खरं.

तासाभरानं त्यांचा फोन आला. आवाज खोल गेलेला, पण खूश. "बाबू, अभिनंदन. तुमचं शिरड जितलं. सहा-पाच, शेवटच्या डावात. पेढे वाटा." मला रडूच यायला लागलं. अरे, या एका वर्षी तरी! मी म्हणालो, "सर, पुढच्या वर्षी वसमत." ते म्हणाले, "बघू." दुसऱ्या दिवशी मी खरंच पेढे आणले, चार ओळखीच्यांना दिले आणि कशाचे ते सांगताना माझी पंचाईत झाली. चौथ्या दिवशी पाच वाजता वहिनींचा फोन आला.

तेरावं झाल्यावर मी वसमतला गेलो तेव्हा वहिनींनी रजिस्टर पुढ्यात ठेवलं. "हे तुमीच न्या. मला यातलं कायबी कळत न्हाई." मी शेवटचं पान उघडलं, सहा-पाच बघायला. तिथं सहा-पाच नव्हतं. त्या दिवसाच्या ओळीत सरांच्या थरथरत्या अक्षरात होतं, 'शिरड. पाऊस. सामना पुढे ढकलला.' शेवटच्या रकान्यात हवामान कोणी सांगितलं त्याचं नाव असे. शिरडच्या प्रत्येक ओळीत तिथं 'बाबू' होतं, सगळी अकरा वर्षं. त्या ओळीत लिहिलं होतं, 'स्वतः ऐकला.' मी वहिनींकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "हात दुखायचा म्हणून फोन स्पीकरवर ठिवायचे ना ते. पत्र्यावरचा पाऊस मलाबी ऐकू येत व्हता, बाबू. मी म्हनलं, बाबू लबाड बोलून राहिले. तर म्हनले, लबाड न्हाई, थकला हाय त्यो." फासे त्या दिवशी डब्यातून निघालेच नव्हते.

रजिस्टर मी नेलं नाही. त्यानंतर दोन आठवडे रोज पाचला मैदानावर गेलो, आणि एका दिवशी मनासारखं स्वच्छ ऊन पडलं. या दिवसांत आमच्याकडं वारा उगवतीकडून असतो; त्या दिवशी मावळतीचा होता, पान हलण्याइतका. चिठ्ठीवर तसं लिहिलं, ती खिशात घातली आणि मिळेल त्या बसनं वसमतला गेलो. सरांच्या टेबलाशी बसलो. वहिनी दारात उभ्या राहिल्या. शेवटच्या डावापर्यंत वसमत चार, शिरड तीन. शिरडचा एक गडी कोपऱ्यावर, दोन बाद, एकच बाकी. देवाची शपथ, माझ्या गावानं हरावं म्हणून मी इतका जीव कधी टाकला नव्हता. फासे टाकले. तक्त्यात बघितलं तर चेंडू थेट लिंबाखाली, झेल. वसमत जिंकलं… वारा नसेल तर. पान हलण्याइतका मावळतीचा वारा म्हणजे एक अधिक, आणि एक अधिक म्हणजे लिंबापार.

चिठ्ठी माझ्याच खिशात होती, माझ्याच अक्षरात. शिरडला त्या दिवशी वारा होता की नव्हता, हे जगात दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? मी चिठ्ठी काढून रजिस्टरशेजारी ठेवली. मग लिहिलं, 'होमरन. शिरड पाच, वसमत चार.' शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'बाबू.'

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"हरले सर."

अकरा वर्षं या सगळ्याला रिकामा धंदा म्हणणारी ती बाई टेबलाशी आली. "वारा व्हता का?"

"होता. मावळतीचा."

"मग बराबर हाय," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी फासे गोळा करून डब्यात टाकले.