फोटोत न आलेला मार

माझा जुना फोन विहिरीत पडला, म्हणून नवा घ्यायला मी वाशीमकडच्या मालेगावला गेले. मेडशीकडे रस्त्याला लागून आमचं बागायती शेत आहे. वांगी, मिरची, थोडी पालेभाजी. पानावर रोग दिसला की फोटो काढून कृषी केंद्रवाल्याला पाठवायचा, मग तो औषध सांगतो. म्हणून फोन स्वस्तातला चालेल, पण कॅमेरा चांगला पाहिजे, एवढं मला कळत होतं. जाताना मी वांग्याचं एक किडकं पान पिशवीत घातलं.

दुकानदार हसला. "ताई, फोन घ्याले आल्या का फवारा?"

"तुमी मेगापिक्सेल सांगान, मले त्यातलं काही समजत नाई. या पानाचा फोटो काढून दाखवा."

त्याने काउंटरवरच्या एकेका फोनने त्या पानाचा फोटो काढला. एकात पान पोपटासारखं हिरवंगार आलं, रोगाचा पत्ताच नाही. दुसऱ्यात शिरा एकमेकींत मिसळल्या. एकात मात्र पानाखाली बसलेला तुडतुडा पायांसकट दिसला. मी म्हटलं, "हाच द्या."

मग त्याने पुढचा कॅमेरा माझ्याकडे धरला. माझ्या गालावरचे काळे वांग गेले, कपाळ उजळलं. "पाहा, नवरीसारख्या दिसून राह्यल्या." खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

विहीर आमची आणि माझ्या भासऱ्याची सामाईक आहे. भासरा म्हणजे मोठा दीर; हा नवऱ्याचा चुलतभाऊ. एक दिवस त्यांनी पाणी घ्यायचं, एक दिवस आम्ही. फोन घेऊन परत आले त्या दिवशी पाळी आमची होती आणि नवरा भाजी घेऊन वाशीमला गेला होता. मी शेतात पोचले तर आमचा पाइप कुऱ्हाडीने तोडलेला, आणि पाणी त्याच्या गव्हात चाललेलं. मी सरळ जाऊन मोटार बंद केली.

तो धुऱ्यावरून, दोन शेतांमधल्या बांधावरून, आला. हातात बैलगाडीची उभारी, मनगटाएवढा जाड दांडा. मागून त्याची बायको, माझी मोठी जाऊ.

"काहून बंद केली वं?"

"आज आमची पाळी हाये दादा. पाइप काहून तोडला?"

"पाळी? विहीर माह्या बापानं खंदली."

"तुमच्या बापानं आन माह्या सासऱ्यानं. दोघाईनं."

पहिला फटका खांद्यावर बसला. दुखलं नाही, नुसता हात बधिर झाला. दुसरा पाठीवर आडवा बसला, तेव्हा मी किंचाळले आणि पळायला वळले. तेवढ्यात जावेने माझा बुचडा धरला आणि मागे ओढलं. मी चिखलात बसले. त्याने उभारी टाकून दिली आणि बुक्क्यांनी तोंडावर मारायला लागला. भुवई फुटली. एका डोळ्यात रक्त गेलं आणि त्या डोळ्याचं जग लाल झालं. मी ओरडू नये म्हणून त्याने तळहात माझ्या तोंडावर दाबला.

मी चावले. अंगठ्याखालचं मांस दातात आलं, खारट रक्त जिभेवर आलं, तरी सोडलं नाही. तो मोकळ्या हाताने माझ्या कानशिलात मारत राहिला आणि मी दात रुतवत राहिले. त्या वेळी मला ना पाणी पाहिजे होतं ना पाइप. मला त्याचा हात पाहिजे होता. दोन्ही पाय झाडत होते, त्यातली एक लाथ जावेच्या पोटात लागली आणि तिची पकड सुटली. तिच्या मुठीत माझ्या केसांचा पुंजका राहिला.

शेजारच्या शेतात निंदणाऱ्या बाया धावत आल्या, तेव्हा कुठे आम्ही वेगळे झालो.

त्यांनीच मला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. नर्स म्हणाली, "पट्टी बांधाच्या आंधी फोटो काढून ठेवा बाई, पुढे कामी येतात." मी एका हाताने फोन समोर धरला आणि स्वतःच काढले. एक डोळा मिटलेला, दुसऱ्यातून पाणी. काय आलं ते पाहायचं भान नव्हतं.

ठाण्यात पोचलो तर भासरा आधीच येऊन बसलेला. त्याच्या हाताचा फोटो जमादाराच्या टेबलावर होता, म्हणजे त्याचा मोठा भारी फोनच तिथे होता. त्यात माझा एकेक दात वेगळा मोजता येत होता. जमादाराने माझा फोन त्याच्या शेजारी ठेवला. मीही वाकून पाहिलं. सुजलेला गाल गुळगुळीत, गुलाबी. काळंनिळं सगळं पुसलेलं. भुवईवरचं रक्त कुंकू लावताना हात हलावा तसं. मिटलेला डोळा तर असा, की बाई कोणाला तरी डोळा मारून राह्यली.

"याच्यात तं मार दिसूनच नाई राह्यला," जमादार म्हणाला.

"साहेब, मी समोर उभी हावो ना. माह्या तोंडाकडे पाहा."

"मले दिसते बाई. पण कागदाले काय लावू?"

भासरा हसला. "तिले काय झालं? चावली तं तीच, कुत्र्यावाणी."

तेवढ्यात नवरा वाशीमहून आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, टेबलावरच्या फोनकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "घरचंच भांडण हाये. आपसात मिटवू." त्या वाक्याने मला जेवढं लागलं तेवढं उभारीने लागलं नव्हतं.

एक बाई शिपाई कोपऱ्यात लिहीत बसली होती. ती उठली, माझा फोन उचलला आणि मला आतल्या खोलीत नेलं. "हा पुढचा कॅमेरा सगळ्याईले गोरं करते. मागच्यानं काढू. खिडकीपाशी या. पाठ दाखवा." तिने चेहऱ्याचे फोटो काढले, मग पाठीचे, मग फोन माझ्या हातात दिला.

माझी पाठ मी तोवर पाहिलीच नव्हती. खांद्यापासून कमरेपर्यंत तिरपा वळ, मधोमध कातडी फाटलेली, कडेला लाकडाच्या गाठींचे ठसे. चेहरा माझा नव्हताच. तो एखाद्या मेलेल्या बाईचा असावा.

बाहेर येऊन मी फोन नवऱ्यासमोर धरला. त्याने पाहिलं. तो वळला आणि भासऱ्याचा गळा धरून त्याला भिंतीवर आपटलं. दोन शिपायांनी ओढलं तरी बोटं सुटत नव्हती. मी त्याला अडवलं नाही.

गुन्हे दोन्हीकडून नोंदले गेले. भासरा आत गेला, जामिनावर बाहेर आला. नातेवाइकांनी बसून पाण्याच्या पाळ्या पुन्हा ठरवून दिल्या.

तुरी सोंगायच्या दिवसांत मी वांगी तोडत होते, तर जाऊ धुरा ओलांडून आली. इकडेतिकडे पाहिलं.

"फोन हाये का वं तुह्याजवळ?"

"कायले?"

तिने पाठ फिरवली आणि पदर खाली घेतला. जुन्या वळांवर नवे वळ. "तुहा भासरा म्हन्ते, तू तिले नीट धरलं नाई, म्हणून चावली ते मले. रोज हेच काढते, आन मारते."

मला एकदम वाटलं, भोग आता. तोंडावर आलंही होतं. पण मग मी तिला उन्हाकडे उभं केलं आणि फोटो काढले. तिने ते बोटाने मोठे करून पाहिले. "हे तं हिरवं पडलं," ती म्हणाली, जशी काही दुसऱ्या कोणाची पाठ होती. मग म्हणाली, "चाल. आताच. घरी गेली तं माही हिंमत व्हनार नाई."

आम्ही रस्त्यावर एसटीची वाट पाहत उभ्या राहिलो.

"लय केसं निघाले होते का तुह्ये?" तिने खाली पाहत विचारलं.

"निघाले होते."

ती बस येते का ते पाहायला रस्त्याकडे वळली.

तेवढ्यात भासऱ्याची मोटारसायकल आली. कोणी सांगितलं असेल. गाडी तशीच आडवी टाकून त्याने तिचं मनगट पिरगाळलं आणि तिला ओढायला लागला. ती रस्त्यावर गुडघ्यांवर पडली. मी कडेचा दगड उचलला, दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. "सोडा, नाई तं टाळकं फोडतो." मी खरंच फोडलं असतं. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, जिथे माझ्या दातांचे पांढरे डाग होते, आणि त्याने मनगट सोडलं. बस येऊन थांबली तेव्हा दगड अजून माझ्या हातात होता. कंडक्टर म्हणाला, "बाई, तो खाली ठेवा आन चढा."

ठाण्यात तिने स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. विहिरीवरचंही सांगितलं, आधी कोणी मारलं ते. तिथून ती मानोऱ्याकडे माहेरी गेली, ती तिथेच आहे. खटला चालू आहे. भासरा एकटाच राहतो, एकटाच पाणी देतो. तो धुऱ्यावरून जातो तेव्हा मी काम थांबवत नाही, पण विळा हातात ठेवते.