सर्वेशच्या विनोदाचं गाऱ्हाणं

सर्वेशचं बोलणं ऐकायला लंडनमध्ये लोक तिकीट काढतात, हे त्याच्या आईच्या, विमलाच्या, गळी काही उतरत नव्हतं. गोव्यात, हरमलला तो पर्यटकांना स्कूटर भाड्याने द्यायचा तेच बरं होतं, असं तिचं मत. स्कूटर देताना जी बडबड करायचा तीच आता दुबई, बहारीन, लंडन असं फिरून मंचावर करतो, एवढाच काय तो फरक. त्याची एकही चित्रफीत तिने पाहिली नाही. ‘फोनार कोणय हसयता. हंय गावात येऊन हसय,’ म्हणायची.

म्हणून सर्वेशने गावच्या देवळाचा हॉल मागितला. आईने पहिल्या रांगेत बसून हसायचं, एवढी एकच हौस.

पण लंडनची चित्रफीत त्याच्याआधी गावात पोचली. तिच्यात गाऱ्हाण्याची नक्कल होती. देवापुढे एकाने गावाचं मागणं बोलायचं आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, ते गाऱ्हाणं. सर्वेशने ते देवस्थान समितीचे अध्यक्ष आणि किनाऱ्यावरच्या शॅक-हॉटेलाचे मालक विठ्ठलशेट यांच्यावर घातलं होतं, आणि लंडनचे लोक खुर्च्या सोडून हसले होते.

विठ्ठलशेटच्या भावना दुखावल्या. स्वतःच्या दुखावल्या की माणूस गावाच्या दुखावल्या म्हणतो, तसं ते म्हणाले आणि हॉलला कुलूप घातलं. काय बोलणार ते आधी दाखव, असा हुकूम निघाला. सर्वेशने दाखवलं. समितीने इतकं कापलं की शेवटी ‘नमस्कार’ आणि ‘धन्यवाद’ तेवढे उरले. वर आणखी अट, आधी देवापुढे गाऱ्हाणं घालून माफी मागायची. आईसाठी सर्वेशने तेही कबूल केलं.

रविवारी सकाळी सगळा गाव देवळात. विमला खांबाला टेकून, तोंड पाडून बसलेली. गाऱ्हाण्याचा मान म्हाताऱ्या बाबलीकाकांचा. पोराची चूक झाली एवढंच म्हणा, असं विठ्ठलशेटनी त्यांना सुचवलं. काका ऐकेनात. देवाला मोघम चालत नाही, चूक काय ते उघड बोलल्याशिवाय माफी कसली? त्यांनी सर्वेशला जवळ घेऊन सगळं नीट विचारून घेतलं आणि हात जोडले.

‘बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान म्हटल्यान, आमच्या अध्यक्षांनी तुझ्या दारार बोर्ड लायलो, आखूड कपड्यांनी येव नये.’

‘व्हय म्हाराजा.’

‘आणि...’ काका थांबले. देवळाने कान टवकारले. ‘तेंच्याच शॅकवर आखूड कपड्यांका डिस्कावंट.’

‘व्हय म्हाराजा.’ सवयीने विठ्ठलशेटही म्हणाले.

‘तुझ्या हॉलार तुझां नाव बारीक. आणि... तेंचां व्हडलां.’

खांबाजवळ कोणीतरी फुसकन हसलं. ती विमला होती. पदर तोंडात कोंबूनही आवरेना. मग अख्खं देऊळच फुटलं. विठ्ठलशेट तेवढे हसले नाहीत. पण गाऱ्हाणं मध्येच तोडायची रीत नाही, म्हणून शेवटपर्यंत उभे राहून ‘व्हय म्हाराजा’ म्हणत राहिले. लेकराची चूक पोटात घाल, म्हणून काकांनी हात खाली केले. देवापुढे साऱ्या गावासोबत होकार दिल्यावर कुलूप कुठल्या तोंडाने ठेवायचं? पायऱ्या उतरताना विठ्ठलशेटनी चावी सर्वेशच्या हातात टाकली.

चावी मिळाली, पण सर्वेशचं तोंड कडू. जग फिरून आला, आणि आईला हसवलं कोणी? बाबलीकाकांनी. तेही त्याच्याच विनोदांवर! शेवटी लाज गिळून तो काकांकडे गेला आणि बरोबर जागा धरून मध्येच कसे थांबता, ते विचारलं.

‘थांबतंय खंय रे?’ काका म्हणाले. ‘माका धाप लागता.’

पुढच्या रविवारी हॉल भरला. विमला पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. सर्वेशने तेच जुने विनोद काढले, आणि शॅकवर पोचताच त्याला अशी काही धाप लागली की सांगता सोय नाही. विमलाच्या हाताची घडी सुटली. तिचा पदर परत तोंडात गेला.