संक्रांतीची काळी बाई

पहिल्या पाच मिनिटांत मुडदा पडला नाही तर मी पिच्चर बंद करते! सणासुदीला खून पाडणारे ते स्वस्तातले विदेशी सिनेमे मी मोबाइलवर इतके बघितलेत, की नाताळचा म्हातारा दिसला की आधी त्याच्या हातात कुऱ्हाड शोधते. एका संक्रांतीला पूर्णेतल्या आमच्या गल्लीत काळ्या साड्याच साड्या बघून डोक्यात लख्ख पेटलं. अरे, आपल्याकडं याच्याहून भारी सण आहे की! पदर डोक्यावरून ओढला तर खुनी कोण आणि शेजारीण कोण, कुणाला कळणार? हळदीकुंकवाला दारात आलेल्या बाईला कुणी नाव विचारत नाही, थेट आत घेतात. ठरलं, असला पिच्चर मीच काढणार!

"असल्या पिच्चरला कोण भितंय?" अप्पा पेपराआडून म्हणाले. माझे वडील रेल्वेतून रिटायर झाल्यापासून खुर्चीतून हलत नाहीत. बेल वाजली तरी "बघा गं, कोण हाय" एवढंच.

"तुमीच भिणार बघा," मी म्हटलं. ते हसले. झालं, माझं टाळकं फिरलं. बाकी कुणी नाही भ्यालं तरी चालेल, अप्पांना घाबरवायचंच.

खुनी व्हायला आईचा धाकटा भाऊ, माझा मामा, तयार झाला, पण मिशी काढणार नाही म्हणाला. पदराआड ठेव बाबा! मरायला आई. तर अप्पा ताडकन बोलले, "सवाष्ण बाई सणाला मरणार न्हाई." आईचा चेहराच पडला. बिचारी कधीपासून गादीवर पडायची तालीम करत होती. शेवटी तह झाला: मरायचं, पण कुंकू पुसायचं नाही, बांगडी फुटायची नाही.

पुढच्या संक्रांतीच्या दुपारी मोबाइल लावला. रक्त गुळाच्या पाकाचं, त्यात लाल रंग. मामानं कडी वाजवली. आईनं दार उघडून किंचाळायचं होतं. तर बाईसाहेब म्हणाल्या, "या, बसा ना," आणि हात आपोआप करंड्यात. खुन्याच्या कपाळाला हळदीकुंकू!

"कट! आई, तो मारायला आलाय!"

"माहिताय गं मला."

पुन्हा तेच. मग ऐन किंचाळायच्या वेळी रेल्वेचा भोंगा. मग पुन्हा कुंकू, वर तिळगूळ. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं, रक्ताला मुंग्या लागल्या, मामा साडीत घामाघूम. माझा पारा चढला. आई रडकुंडीला आली, "सणाच्या दिवशी दारात आलेल्या बाईला कोरड्या कपाळानं कसं परत पाठवू? हातच ऐकंना माझा."

"लाव मग! काय लावायचं ते लाव!" मी खेकसले आणि रेकॉर्डिंग चालू केलं.

मामा वाकला. आईनं हळद लावली, कुंकू लावलं, तिळाचा लाडू हातावर ठेवला. मामानं तो पदराआड तोंडात टाकला. नुसता कडकड आवाज. लाडू चावता चावताच पदराखालून कोयता निघाला. आई पडली, बांगड्यांचा हात वर धरून! मी कट म्हणायचंच विसरले. मुंग्यांसकट घेतलं सगळं.

रथसप्तमीच्या आतच पडदे ओढून घरच्या टीव्हीवर दाखवला. मामाची चाल बघून गल्लीतल्या बाया खो खो हसल्या. मग आईनं करंडा उचलला आणि सगळ्या पुढं सरकून बसल्या. मागून एक काकू ओरडली, "अगं, नको लावू तिला!" मला तर नाचावंसं वाटत होतं. पण डोळे अप्पांवर. त्यांनी जांभई दिली. "बरंय," म्हणाले, "मुंग्या लय भारी दिसायल्यात." असा राग आला म्हणता!

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. हळदीकुंकवाला कुणीतरी आलं होतं, दाराच्या काचेतून काळी साडी दिसत होती. आई करंडा घेऊन निघाली. अप्पांनी पेपर खाली ठेवला. खुर्चीतून उठले, तिच्या पुढं जाऊन हात आडवा धरला.

"तू थांब तिथंच. मी बघतो."

आणि कडीला हात न लावता आतूनच दरडावून विचारलं, "आधी नाव सांगा!"