नातं नसलेली वाडी

पोलादपूरहून डॉक्टर आठवड्यातून एकदा आमच्या खालच्या वाडीत यायचे. ते पुढेही येणार की नाही, हे अलिबागचे साहेब ठरवणार होते. साहेबांना पुरावा हवा होता. खालच्या वाडीतल्या पोरांना औषध आणि माशाचं तेल द्यायचं, आंबेनळीकडच्या वरच्या वाडीतल्या पोरांना काहीच नाही. मग दिवाळीनंतर दोघांची वजनं ताडून पाहायची.

वजनाचं काम मी अंगावर घेतलं. माझं बालपण पत्रकं वाटण्यात गेलेलं. विज्ञान आणि समता, हे दोन शब्द मी झोपेतही ओरडायचो.

वखारीतला तराजू फांदीला टांगला. एका पारड्यात पोर, दुसऱ्यात शेर. एक पोर पारड्यातच मुतलं, तर आई भांडायला उठली, “ते बी त्याचंच हाय, धर की वजनात!”

दिवाळीनंतर पाहिलं तर खालची पोरं गुटगुटीत आणि वरचीही तितकीच गुटगुटीत.

“फरक नाही,” साहेब म्हणाले. “म्हणजे औषध निरुपयोगी. डॉक्टर बंद.”

मी चवताळलो. तेवढ्यात वरच्या वाडीतल्या एका पोरानं माझ्या तोंडावर ढेकर दिला. माशाच्या तेलाचा!

मी खालच्या वाडीतल्या माझ्या काकीला गाठलं. “काकी, वर तेल कोणी पोचवलं?”

“मीच. लेक दिलीय ना वर. नातवानं काय नुसता वास घ्यायचा?”

“माझं तर माहेरच हाय वर,” तिच्या शेजारी बसलेली बाई म्हणाली.

“अगो, पण त्यांना द्यायचं नव्हतं!”

“का रे? सभेत तूच ना बोंबलतोस, सगळ्यांना सारखं पायजे म्हणून?” काकी म्हणाली, आणि बाया फिदीफिदी हसल्या.

समतेनं माझ्या विज्ञानाची अशी वाट लावली. साहेबांपुढे मी टेबलावर मूठ आपटून सांगितलं, “औषध दोन्हीकडे पोचलं, म्हणून दोन्हीकडची पोरं वाढली!”

साहेब नियमाला पक्के. “मग जिथं खालच्या वाडीचा कुणीच नातेवाईक नाही, अशी वाडी शोध. तिथली वजनं मिळेपर्यंत डॉक्टर येत राहतील.”

मी निघालो. ज्या वाडीत जावं तिथं कुणीतरी चहा पुढे करून विचारतं, “तू आमच्या मावशीच्या दिराचा ना रे?” परवा डोंगरापलीकडच्या वाडीत मला खोकला आला, तर म्हातारीनं आतून बाटली आणली. वासावरूनच ओळखलं, माशाचं तेल.

डॉक्टर अजून येतात. मी घरातून बाहेर पडलो की काकी दारातून ओरडते, “सावकाश शोध हो!”