दोन मुठी रवा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि चर्चमध्ये फादरसमोर पापं सांगायला गुडघे टेकते तेव्हाही नाही. तिथे किरकोळ काहीबाही सांगून मोकळी होते — रागावले, रविवारची मिस्सा चुकवली. हे मात्र गिळते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

उमेळ्यात आमचं किराणा दुकान आहे. पूर्वी आमची वाडी होती तिथे आता बिल्डिंग आहे, तिच्या तळमजल्यावर. वर माझी मोठी जाऊ राहते, सिसिलिया. तिचा रव्याचा केक म्हणजे गावात नाव होतं. नाताळात निम्मं गाव तिच्याकडे ऑर्डर द्यायचं. वजनकाटा तिने कधी वापरला नाही. एक पुडा रवा, आठ अंडी, बाकी तूप-साखर सगळं एका पुड्यामागे ठरलेलं. सासूने तसंच शिकवलं होतं, आणि पुडाही सासूच्या वेळच्याच कंपनीचा.

आणि माझा केक? मुलीच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या जेवणाला मी हौसेने केला होता. जावेने एक तुकडा मोडला, तोंडात घातला आणि भरल्या मांडवात म्हणाली, “हा मांडववाल्यांना देऊन टाका, पाहुण्यांना माझा वाढा.” लोक हसले. माझी मुलगीसुद्धा हसली — पांढऱ्या झग्यातली, आठ वर्षांची. ते मी विसरले असेन असं वाटतं तुम्हाला?

बरीच वर्षं गेली. मग एका नाताळच्या तोंडावर रव्याचा नवा माल आला. पुडा तोच, चित्र तेच, किंमतही तीच. हाताला मात्र हलका लागला. मागे बारीक अक्षरांत बघितलं तर अर्धा किलोचे चारशे ग्रॅम झालेले. एजन्सीच्या माणसाला झापलं तर दात काढून म्हणाला, “भाभी, रेट बढाया तो लोग चिल्लाते है. ये कौन देखता है?”

मला चीड आली. खरंच आली. मग मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला सांगत सुटले — पुड्यात रवा कमी आहे, केक करणार असाल तर वरून दोन मुठी घाला. प्रत्येकीला. मागच्या बिल्डिंगमध्ये नवीन आलेल्या भाडेकरू बाईलासुद्धा, जिचं नाव मला माहीत नव्हतं.

फक्त जावेला नाही.

ती आली, तिने डझनभर पुडे घेतले, ते मीच पिशवीत भरून दिले. सांगणं ओठांवर आलं होतं का? नाही. खोटं कशाला बोलू? ठरवून गप्प बसले. आणि बाकीच्या बायका तरी तिला काय सांगणार? दुकान घरचं, तिला ठाऊक असणारच, असं सगळ्यांनी धरलं. शिवाय सिसिलियाला रवा शिकवायचा कुणी?

तिचे सगळे केक मधोमध खचले. आत चिकट, खाली तूप सुटलेलं. गावात बाकी सगळ्यांचे छान फुगले होते — माझ्यामुळे! बायका डबे परत घेऊन जिना चढत होत्या आणि मी गल्ल्यावर बसून बघत होते. काळीज थंड झालं. कंपनीने अख्ख्या गावाला फसवलं, पण कंपनीचा कुणावर राग नव्हता. माझा होता.

तिथे थांबले असते तर जावाजावांचं भांडण म्हणून खपलं असतं. पण जावेच्या आईला म्हातारपणी विसरण्याचा आजार होता, शेवटी ती लेकीलाही ओळखेना. हे मला माहीत होतं. नाताळ झाल्यावर एका दुपारी जाऊ खाली येऊन स्टुलावर बसली. आवाज एवढासा. “आठ अंडी घातली गं मी. घातली ना? माझं आईसारखं तर होत नाही ना?”

पुडा तिच्या पाठीमागच्या फळीवरच होता. एक वाक्य पुरलं असतं. मी काय म्हणाले? म्हणाले, “वय झालं वहिनी, होतं असं.”

पुढच्या नाताळात ती अंडी मोठ्याने मोजत होती, असं दीर सांगत होते. केक पुन्हा खचले. मग तिने केक सोडला. आता भाजीत मीठ घातलं का, दार लावलं का, सगळं दिरांना दोनदा विचारते. डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं, पण तिला पटत नाही.

यंदा तिने सासूचा केकचा साचा आणून माझ्या हातात ठेवला. “तू कर आता. माझा हात गेला.”

मी केला. एक पुडा, आठ अंडी — आणि वरून दोन मुठी रवा. टम्म फुगला. नाताळच्या दुपारी घरची सगळी जमली होती. जावेने तुकडा मोडला, तोंडात घातला. तिचे डोळे भरून आले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “अगदी माझ्यासारखा झालाय गं.”

मला तेव्हाही बरंच वाटलं. मी तिच्या बशीत आणखी एक तुकडा वाढला.