दगडी कुंडातलं पाणी

विश्वासराव खैरनारांना काळजी करायला कारण लागत नसे. शीलाताई भाजीला खाली उतरल्या तरी ते दाराशी उभे राहून लिफ्टचा आवाज ऐकत. आज मात्र कारण खरं होतं. वेल्समध्ये लेकीला, स्पृहाला, मुलगा झाला, तोही दिवस भरण्याआधीच. आणि तो नुकताच न्यूमोनियातून कसाबसा उठला होता. आज जावयाच्या गावच्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा. शीलाताई परवाच तिकडे पोचल्या होत्या. विश्वासरावांना रजा मिळाली नाही. ते कुवेतमधल्या खैतान भागातल्या फ्लॅटमध्ये फोनसमोर बसले होते.

स्पृहाने लावून ठेवलेल्या व्हिडिओ कॉलवर बाप्तिस्म्याचं दगडी कुंड दिसत होतं. शेकडो वर्षांचं, कडा हातांनी झिजलेली. असा दगड पाण्यातली ऊब गिळून गप्प बसतो, हे रिफायनरीत उष्णतेशीच झुंजलेल्या माणसाला कळत होतं.

“पाणी गार नसेल ना?” सकाळी त्यांनी शीलाताईंना विचारलं होतं.

“अहो, जावयाच्या पणजोबांचं डोकंही याच कुंडात भिजलंय. आणि पाणी मीच भरणार आहे. विसण घालायला मला शिकवू नका.”

आता शीलाताई पाण्याचा जग घेऊन बाजूच्या खोलीत गेल्या, आणि विश्वासरावांना एकदम घरचे नळ आठवले. जून महिना. कुवेतच्या उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी तापते, निळ्या, म्हणजे गार पाण्याच्या, नळाला कढत पाणी येतं. मग गीझर बंद ठेवायचा. त्यात साठलेलं पाणी निवतं आणि लाल नळाला गार येतं. कितीतरी उन्हाळे शीलाताईंचा हात ऊन पाण्यासाठी निळ्याकडेच गेला होता. वेल्समध्ये मात्र निळा म्हणजे गारच.

शीलाताईंचा फोन बंद. “स्पृहा, आईला सांग, निळा नको,” विश्वासराव ओरडले. पण चर्चमध्ये गलका नको म्हणून स्पृहाने त्यांचा आवाज आधीच बंद केला होता.

शीलाताईंनी जग कुंडात रिकामा केला. पाद्रींनी बाळ घेतलं. विश्वासराव उभे राहिले.

तेवढ्यात शीलाताईंनी पुढे होऊन पाण्यात कोपर बुडवलं, स्पृहाला न्हाऊ घालताना बुडवायच्या तसं, आणि झटकन बाहेर काढलं. पाद्रींना काहीतरी सांगितलं. बाळ परत स्पृहाकडे गेलं. थोड्या वेळाने किटली आली, वाफ दिसली. पुन्हा कोपर. मग पाद्रींनी ओंजळ भरली.

बाळाने जांभई दिली.

“निळाच सोडला होता हो,” नंतर शीलाताई फोनवर हळूच म्हणाल्या. “मेली सवय. तुम्ही तिकडे ओरडत बसला असाल.”

“छे,” विश्वासराव म्हणाले. घसा पार बसला होता. “टोपी घातली का त्याला?”